लहान नंबर प्लेटचा हट्ट: इंदूरमधलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण इंदूरच्या रामबागेतल्या एका मराठी घरातलं आहे. मुलाचं नाव इथे ओंकार ठेवलंय. नाव, गाडीचा नंबर आणि ओळख पटेल असे बारीकसारीक तपशील बदलले आहेत. मापं आणि नियम मात्र जसेच्या तसे दिले आहेत, कारण या प्रकरणात सगळं काही मापांवरच येऊन ठेपतं.

मी त्याच गल्लीत राहतो. वाहन विम्याच्या दाव्यांचं काम मी अठ्ठावीस वर्षं केलं. गल्लीत कुणाची गाडी ठोकली गेली, कुणाला चलन आलं, कुणाचं आरसी हरवलं की लोक माझ्याकडे येतात. ओंकारही असाच आला होता. वय चोवीस, सुपर कॉरिडॉरवरच्या एका कंपनीत नोकरी, वडील बँकेतून निवृत्त. पहिल्या दीड वर्षाच्या पगारातून त्याने एक जुनी स्ट्रीट बाइक घेतली. तीनशे सीसीच्या आसपासची, २०१८च्या शेवटी नोंदलेली, एमपी-०९ची. गाडी उत्तम राखलेली होती. मागची नंबर प्लेट तेवढी त्याला खुपत होती.

ती प्लेट आधीच्या मालकाने बनवून घेतलेली. अॅक्रिलिकची, भोवती जाड स्टीलची फ्रेम, वर देवाचं नाव, खाली विक्रेत्याचं नाव. मी नंतर मोजली तेव्हा २९० मिलिमीटर रुंद आणि १५० मिलिमीटर उंच भरली. एवढ्या सडपातळ गाडीच्या शेपटीला ते म्हणजे ताट बांधल्यासारखं दिसायचं. शिवाय सराफ्याकडच्या खडबडीत रस्त्यावर खडखड वाजायची. ती त्याला नको होती यात मला काहीच वावगं वाटलं नाही, आजही वाटत नाही.

अडचण

२०२४च्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी तो आला आणि म्हणाला, "काका, पोलिसांच्या नजरेत येणार नाही असा सगळ्यात लहान साइझ कोणता असतो?"

या प्रश्नात दोन प्रश्न एकात एक अडकलेले होते. एक होता दिसण्याचा: गाडीच्या मागे ताट नको. दुसरा होता सुटण्याचा: नियम कुठवर वाकवला तर चालतो. पहिल्या प्रश्नाला सरळ, स्वस्त आणि कायदेशीर उत्तर होतं. दुसऱ्याला नव्हतं. मी त्या दोन प्रश्नांची फारकत करून दाखवली असती तर पुढचं बरंच टळलं असतं. मी एवढंच म्हणालो, "नियमात बसत नाही. नको करूस." आणि हातातल्या पेपरात परत डोकं घातलं.

या प्रकरणातला पहिला निर्णय तो होता आणि तो माझा होता. चोवीस वर्षांच्या मुलाला नुसतं "नियमात नाही" सांगितलं की तो नियम शोधत नाही, दुकान शोधतो.

त्याच्या डोक्यात ही कल्पना कुठून आली तेही सांगायला हवं. त्याचे मित्र परदेशी बाइकवाल्यांचे व्हिडिओ बघतात. इंग्लंडमधले बरेच बाइकवाले ठरलेल्या मापापेक्षा लहान प्लेट लावतात आणि सात इंच बाय पाच इंच हा आकार त्यांच्यात फार लोकप्रिय आहे. त्या गाड्यांना पुढे प्लेटच नसते. हे सगळं ओंकारने मनात साठवलं होतं. सात बाय पाच म्हणजे लहान, पुढची प्लेट काढली तरी चालते, आणि पोलीस सहसा बघत नाहीत. यातली एकही गोष्ट इंदूरच्या रस्त्याला लागू नव्हती.

समोरचे पर्याय

त्याने स्वतः तीन मार्ग धुंडाळले होते. चौथा त्याला माहीतच नव्हता.

पहिला, छोटी ग्वालटोलीतल्या दुकानातून लहान प्लेट करून घेणं. दुकानदाराने सहा इंच बाय तीन इंचाची प्लेट दाखवली. तिरके, एकमेकांना चिकटलेले आकडे, डाव्या बाजूला निळ्या शाईत छापलेलं 'आयएनडी', म्हणजे लांबून खऱ्या, सरकारी हाय सिक्युरिटी प्लेटसारखी दिसावी अशी. "भिया, शहर में कोई नहीं रोकता" हे आश्वासन फुकट होतं.

दुसरा, जुनीच प्लेट ठेवायची पण मागचा मडगार्डचा भाग काढून सीटखाली आत वळवून बसवायची. याला लागणारी पट्टी 'टेल टायडी' नावाने मिळते. गाडी दिसायला सुटसुटीत होते हे खरं. पण तो मडगार्ड शोभेसाठी नसतो. पावसाळ्यात मागच्या चाकाचा चिखल सरळ मागे बसलेल्याच्या पाठीवर आणि मागच्या गाडीच्या काचेवर जातो. त्यातून अशा पट्ट्या बसवताना बरेच मेकॅनिक साडी गार्डही काढून टाकतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १२३ सांगतो की मोटरसायकलला मागे बसणाऱ्यासाठी धरायला मूठ हवी, पाय ठेवायला जागा हवी आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं संरक्षण हवं, कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून. ओंकारची आई दर बुधवारी त्याच्या मागे बसून खजराना गणपतीला जाते. साडी नेसून. हा पर्याय त्याच आठवड्यात बाद झाला, आणि तो त्याने स्वतःहून बाद केला हे त्याच्या बाजूने नोंदवून ठेवतो.

तिसरा, काहीच न करणं. ती मोठी प्लेटही कायदेशीर नव्हतीच. ना ती हाय सिक्युरिटी होती, ना तिच्यावरचा देवाच्या आणि विक्रेत्याच्या नावाचा मजकूर चालण्यासारखा होता. लोकांना वाटतं मोठी प्लेट म्हणजे प्रामाणिक प्लेट. तसं नसतं.

चौथा मार्ग म्हणजे सरकारी हाय सिक्युरिटी प्लेट. १ एप्रिल २०१९पासून तयार झालेल्या प्रत्येक गाडीला ती कारखान्याकडून, विक्रेत्यामार्फत येते. त्याआधीच्या गाड्यांना मालकाने मागवून घ्यायची असते. ओंकारची गाडी त्या तारखेच्या काही महिने आधीची, म्हणून तिला ती मिळालेली नव्हती. त्याला वाटायचं की ही प्लेट म्हणजे नवी कटकट आणि आकाराने आत्ताच्या प्लेटएवढीच असणार. तिचं माप त्याने एकदाही बघितलं नव्हतं.

पहिला प्रयत्न

मे महिन्यात त्याने सहा बाय तीनची प्लेट लावून घेतली. पुढची काढून टाकली. आणि इथे एक गोष्ट झाली जिचं महत्त्व त्या दिवशी कुणाच्याच लक्षात आलं नाही: नवी प्लेट नीट दिसावी म्हणून दुकानातल्या पोराने मूळ ब्रॅकेटचे दोन्ही बाजूंचे कान करवतीने कापले. ओंकारला विचारलंही नाही. ओंकार तेव्हा पोहे खायला गेला होता.

पहिले अठरा-वीस दिवस काही झालं नाही. पलासिया, रीगल, राजवाडा, रोजचा रस्ता, कुणी हटकलं नाही. यामुळे त्याची खात्री पटली की दुकानदार बरोबर होता. माझ्या मते या काळाचा अर्थ वेगळा होता. ऑफिसच्या गर्दीत पोलीस शिपाई चौकात शेकडो गाड्या सोडत असतो, त्याची नजर सिग्नलवर आणि हेल्मेटवर असते. कुणी थांबवलं नाही याचा अर्थ अजून कुणी बघितलं नव्हतं इतकाच.

मग एका रविवारी सकाळी सहा जण पातालपाणीच्या धबधब्याला निघाले. महूच्या अलीकडे नाकाबंदी होती. बाकी पाच गाड्या पुढे गेल्या, ओंकारची थांबवली. का, ते त्यानेच नंतर मला सांगितलं. हवालदार गाडीच्या मागे गेला, नंबर टिपून घ्यायला वही काढली, आणि त्याला तो उभ्याने वाचता आला नाही. वाकावं लागलं. वाकून वर बघितलं तेव्हा तो म्हणाला, "ये नंबर किसके लिए लगाया है?"

त्यानंतर त्याने गाडीला एक फेरी मारली. पुढे प्लेट नाही. मागच्या 'आयएनडी'वर नखाने खरवडून बघितलं, तर शाई निघाली. अशोकचक्राचा होलोग्राम नाही, लेझरने कोरलेला क्रमांक नाही. आरसी बघितलं, ओंकारच्याच नावावर होतं. लायसन्स, विमा, हेल्मेट सगळं व्यवस्थित. या शेवटच्या गोष्टींमुळेच प्रकरण दंडाच्या पावतीवर निभावलं.

कायद्यात काय होऊ शकलं असतं तेही सांगतो. प्लेट ठरल्या पद्धतीची नसणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७मध्ये बसणारा गुन्हा आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत, पुन्हा घडल्यास १,५०० रुपयांपर्यंत दंड. हे लोकांना परवडतं, म्हणून ते हसण्यावारी नेतात. पण त्याच कायद्याच्या कलम ३९मध्ये म्हटलंय की गाडी नोंदलेली हवी आणि तिचा नंबर ठरलेल्या रीतीने दिसायला हवा, आणि त्याचा भंग कलम १९२मध्ये नेला तर पहिल्याच वेळी दंड ५,००० रुपयांपर्यंत जातो. गाडीच्या रचनेत परवानगीशिवाय बदल केला तर कलम १८२क लागू होऊ शकतं. त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. ओंकारवर यातलं काही लावलं गेलं नाही. समोरचा माणूस समजूतदार निघाला.

मोजमाप

त्या संध्याकाळी तो परत माझ्याकडे आला. या वेळी मी पेपर बाजूला ठेवला. मुलीच्या जुन्या कंपासपेटीतली पट्टी काढली, एक कोरा कागद घेतला, आणि आम्ही जेवणाच्या टेबलावर बसलो. या प्रकरणात मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते या अर्ध्या तासाबद्दल.

आधी आपला नियम. दुचाकीच्या मागच्या प्लेटचं माप २०० बाय १०० मिलिमीटर. पुढच्या अरुंद प्लेटचं २८५ बाय ४५. मोटरसायकलच्या मागच्या प्लेटवर अक्षरांची उंची ३५ मिलिमीटर, आकड्यांची ४०, दोन्हींच्या रेषेची जाडी ७ आणि मधलं अंतर ५. पुढच्या प्लेटवर अक्षरं-आकडे ३० मिलिमीटर उंच, ५ जाड. ही मापं नियम ५० आणि ५१मध्ये आहेत.

मी कागदावर २०० बाय १००चा चौकोन काढला आणि त्याच्यासमोर ठेवला. तो बराच वेळ बघत राहिला.

"एवढीच?"

"एवढीच."

त्याची जुनी प्लेट २९० बाय १५०. कागदावर शेजारी काढली. म्हणजे ज्या प्लेटला कंटाळून तो दुकानात गेला तिचं क्षेत्रफळ नियमातल्या प्लेटच्या दुपटीहून जास्त होतं. सरकारने त्याच्यावर ती लादलेली नव्हती. आधीच्या मालकाने हौसेने केलेली होती.

मग मी त्याच्या व्हिडिओतली सात बाय पाच इंचाची प्लेट काढली. १७८ बाय १२७ मिलिमीटर. गुणाकार त्यालाच करायला लावला. आपली २०,००० चौरस मिलिमीटर, ती साडेबावीस हजारांच्या वर. ज्या लहान प्लेटचं त्याला एवढं आकर्षण होतं, ती आपल्या कायदेशीर प्लेटपेक्षा मोठी निघाली! इंग्लंडमध्ये ती लहान ठरते कारण तिथे मोटरसायकलच्या प्लेटवरचं प्रत्येक अक्षर ६४ मिलिमीटर उंच हवं. दोन ओळींचेच १२८ मिलिमीटर होतात. १२७ उंचीच्या प्लेटमध्ये ते मावणारच नाही, म्हणून तिथे लोक अक्षरं बारीक करतात आणि सापडतात. आपल्याकडे ३५ आणि ४०, मिळून ७५. शंभरच्या उंचीत कडा आणि मधली जागा सोडून ते व्यवस्थित बसतं. पुढच्या प्लेटचंही तसंच: तिथे १ सप्टेंबर २००१पासून नोंदलेल्या मोटरसायकलींना नंबर फक्त मागे लावायचा असतो, म्हणून व्हिडिओतल्या गाड्या पुढून मोकळ्या. आपल्याकडे दोन्ही हव्यात.

शेवटी ग्वालटोलीची प्लेट. सहा बाय तीन इंच म्हणजे १५२ बाय ७६ मिलिमीटर. नियमाची दोन ओळींची उंचीच ७५. उरला एक मिलिमीटर. कडेला जागा नाही, दोन ओळींमध्ये जागा नाही. म्हणजे त्या मापात नियमाचे आकडे बसूच शकत नाहीत, दुकानदाराने कितीही प्रामाणिकपणे करायचं म्हटलं तरी. तिच्यावरचे आकडे मोजले, २४ मिलिमीटर. हवालदाराला वाकावं का लागलं ते पट्टीनेच सांगितलं.

ओंकार गप्प झाला होता. मग म्हणाला, "काका, हे आधी का नाही दाखवलंत?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी त्याला तसं सांगितलं.

पण मापाबरोबर आणखी एक गोष्ट मी त्याला त्या रात्री सांगितली, आणि ती सांगताना मला जरा जड गेलं. बऱ्याच वर्षांपूर्वी देवासच्या रस्त्यावर एका मोटरसायकलने सायकलवरच्या दूधवाल्याला उडवलं. माणूस जागीच गेला. साक्षीदार तीन होते. गाडी काळी होती, मागे लहानशी प्लेट होती, आकडे नीट दिसले नाहीत, एवढंच तिघेही सांगू शकले. गाडी कधीच सापडली नाही. गाडी सापडली असती तर दूधवाल्याच्या बायकोने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दावा लावला असता, नवऱ्याची कमाई, वय, घरातली माणसं सगळं धरून भरपाई ठरली असती, ती विमा कंपनीने दिली असती. गाडीच माहीत नाही म्हटल्यावर उरते ती 'हिट अँड रन'ची ठरावीक रक्कम. तेव्हा मृत्यूसाठी ती २५,००० रुपये होती. १ एप्रिल २०२२पासून ती दोन लाख झाली आहे, गंभीर जखमीसाठी ५०,०००. त्या फाइलवर काम करणाऱ्यांत मीही होतो. ती बाई ऑफिसात आली की तिला बसायला खुर्ची द्यायचो आणि दुसरं काही देता यायचं नाही.

ओंकारने कुणाला उडवलेलं नाही, उडवेल असंही मला वाटत नाही. तरी नंबर कुणासाठी लावलाय, हा हवालदाराचा प्रश्न मला फार नेमका वाटला.

नंतर काय केलं

दुसऱ्याच दिवशी त्याने हाय सिक्युरिटी प्लेटचं ऑनलाइन बुकिंग करायला घेतलं. गाडीचा नंबर, चेसिस आणि इंजिन क्रमांक भरायचे, जवळचं केंद्र आणि तारीख निवडायची, पैसे भरायचे. पोर्टलने चेसिस क्रमांक नाकारला. दोनदा, तीनदा. तो नायता मुंडल्याच्या आरटीओत जायची तयारी करत होता. मी म्हटलं आधी डिजिलॉकरमधलं आरसी उघड. उघडल्यावर कळलं: त्याने क्रमांक गाडीच्या हँडलखालच्या शिक्क्यावरून वाचला होता आणि घासलेला इंग्रजी 'बी' आठ म्हणून भरला होता. दुरुस्त केल्यावर लगेच झालं. आरटीओची एक फेरी वाचली.

दहा-बारा दिवसांनी प्लेट केंद्रावर आली. तो गेला, आणि तिथल्या माणसाने प्लेट लावायला नकार दिला. कारण ते कापलेले कान. मागची प्लेट एकदाच लागणाऱ्या, काढायला गेलं तर तुटणाऱ्या स्नॅप लॉकने बसवतात. ती अॅल्युमिनियमची असते, जेमतेम एक मिलिमीटर जाडीची. मागे आधार नसेल तर दोन्ही बाजू हवेत राहतात, खड्ड्यांत थरथरतात आणि काही महिन्यांत भोकापाशी चीर पडते. तो म्हणाला, ब्रॅकेट घेऊन या. त्याचं बरोबर होतं.

कंपनीच्या सुट्या भागांच्या काउंटरवर ब्रॅकेट नव्हतं, मागवावं लागलं. आठ दिवस गेले. या आठ दिवसांत गाडी घरी उभी ठेवायची का, हा आणखी एक निर्णय होता. ओंकार म्हणत होता लहान प्लेटच लावून फिरतो, आता आठच दिवस. वहिनी म्हणजे त्याची आई मध्ये पडल्या. "भाऊजी, त्याला सांगा, मी रिक्षाने जाईन खजरान्याला, पण ती प्लेट आता लावायची नाही." तो आठ दिवस सिटी बसने ऑफिसला गेला. त्याला ते अवघड गेलं, पण गेला.

नवं ब्रॅकेट बसलं, पुढची-मागची दोन्ही प्लेट लागल्या. ग्वालटोलीची प्लेट काढून केंद्रातल्या माणसाने वाकवून तिथेच ठेवून घेतली. ओंकारने मात्र एक काम स्वतःचं स्वतः केलं, आणि ते मला फार आवडलं. जुन्या मोठ्या प्लेटच्या फ्रेमसाठी आधीच्या मालकाने लावलेले लोखंडी तुकडे, जाड रबर, जास्तीचे बोल्ट सगळे काढून टाकले. मागचा भाग धुतला, काळ्या प्लास्टिकला पॉलिश केलं. कंपनीने ठरवली होती तशी शेपटी आता दिसली. बारीक, नीटस, मध्ये २०० मिलिमीटरची पांढरी प्लेट. कुठेही काही कापलेलं, वाकवलेलं नाही.

हिशोब

लहान प्लेट, महूची पावती, नवं ब्रॅकेट, हाय सिक्युरिटी प्लेट असा सगळा खर्च त्याने वहीत मांडून दाखवला. त्यातला फक्त शेवटचा आकडा आवश्यक होता, बाकी सगळा टाळता आला असता. पैशापेक्षा मला खटकलं ते ब्रॅकेट. दंड भरून संपतो. गाडीचा मूळ भाग कापला की तो परत जोडता येत नाही. कुणी विचारलं तर मी आता पहिलं हेच सांगतो, प्लेटबद्दल काय वाटेल ते ठरव, पण दुकानात गाडी सोडून पोहे खायला जाऊ नकोस आणि कुणाला करवत लावू देऊ नकोस.

दुसरं, नकली 'आयएनडी'. बाजारात ही प्लेट सर्रास मिळते, योग्य मापातही मिळते. ओंकारच्या एका मित्राने तीच लावली आहे आणि ती लांबून खरी वाटते. पण खऱ्या प्लेटवर होलोग्राम असतो, उठावदार अक्षरांवरच्या पट्टीत तिरक्या रेषेत 'इंडिया' लिहिलेलं असतं, आणि लेझरचा क्रमांक गाडीच्या नोंदीशी जोडलेला असतो. गाडी चोरीला गेली तर तो क्रमांक उपयोगी पडतो. नकली प्लेटमध्ये यातलं काही नाही, वर फसवणुकीचा संशय मात्र येतो. साध्या चुकीच्या प्लेटपेक्षा ती मला जास्त वाईट वाटते, कारण तिच्यात हेतू दिसतो. मित्राला सांगून झालंय. अजून त्याने बदललेली नाही.

तिसरं, वेळ. मी पहिल्या संध्याकाळी अर्धा तास दिला असता तर महू, ब्रॅकेट, आठ दिवसांची बस यातलं काहीच घडलं नसतं. ओंकारला नियमाचं वावडं नव्हतं, त्याला माप माहीत नव्हतं. आमच्या पिढीने या मुलांना पट्टी हातात द्यायच्या ऐवजी बोट दाखवलं.

निकाल

त्या गोष्टीला आता बरेच महिने झाले. ओंकार दोनदा नाकाबंदीत थांबवला गेला, एकदा सिमरोलजवळ, एकदा देवास नाक्यावर. दोन्ही वेळा कागद बघून सोडलं. पोलिसांच्या नजरेत न येणारी प्लेट त्याला शेवटी मिळाली म्हणायची, कारण तिच्याकडे बघून कुणाला काही शोधावंसं वाटत नाही.

एक गोष्ट मात्र आम्ही दोघंही विसरलो होतो, ती परवा लक्षात आली. रात्री तो गल्लीत शिरला तेव्हा मी ओट्यावर होतो आणि मला त्याचा नंबर दिसला नाही. प्लेट नवी, आकडे पुरे, तरी दिसला नाही. नियम सांगतो की मागच्या नंबरावर पांढरा उजेड हवा आणि तो पंधरा मीटरवरून वाचता यायला हवा. प्लेटच्या वरचा तो चिमुकला दिवा गेलेला होता. कदाचित ग्वालटोलीत करवत चालली तेव्हाच वायर तुटली असेल.

रविवारी त्याने वायर जोडली, दिवा बदलला. अंधार पडल्यावर गाडी गल्लीच्या टोकाशी उभी केली, हेडलाइट बंद, मागचा दिवा चालू. मी वीस पावलं मोजत मागे आलो. माझे डोळे आता भरवशाचे नाहीत, म्हणून शेजारच्या घरातल्या तिसरीतल्या मुलीला हाक मारली आणि माझ्या शेजारी उभं केलं.

"काय लिहिलंय गं तिथे?"

तिने एमपीपासून सुरुवात केली आणि शेवटच्या आकड्यापर्यंत न अडखळता वाचत गेली. ओंकारने तिकडून हात वर केला.